जुन्या गाडीचं माप

आम्ही अकरा जणी आहोत. बिडकीनच्या परिसरातला आमचा बचत गट. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, झबली-टोपडी शिवणं हे आमचं काम. मागच्या खेपेला आम्ही इथं गणवेशाच्या कापडाबद्दल बोललो होतो. आज मोटारीच्या सुट्या भागांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्या घरची माणसं आधीच पुष्कळ हसून झाली आहेत.

आमच्या गटात सगळ्यात वयानं मोठ्या आक्का. आक्कांच्या मालकांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, १९८६ साली प्रीमियर पद्मिनी गाडी घेतली होती. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वाट बघावी लागायची. आमच्यातल्या तिघी-चौघी सासरी आल्या त्या याच गाडीतून. एकीचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा रात्री दोन वाजता घाटी दवाखान्यात नेलं तेही याच गाडीनं. आण्णा गेले आणि गाडी गोठ्याच्या कडेला उभी राहिली. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली, टायर जमिनीला टेकले. भंगारवाला येऊन १८,००० रुपये देतो म्हणाला. आक्कांच्या लेकांनी मान डोलावली. आक्का तेव्हा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र गटाच्या बैठकीत म्हणाल्या, “गाडी एकदा चालवून दाखवा, मग भंगारात घाला.”

या गाडीची थोडी माहिती सांगतो, कारण पुढं ती लागणार आहे. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० नावाची गाडी तिथं बनायला लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. सिनेमात मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी दिसते ना, ती बहुतेक वेळा हीच. २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती. तिथं टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

टॅक्स्या हजारांनी धावत होत्या तोवर तिचा सुटा भाग कुठल्याही गॅरेजात मिळायचा. गिऱ्हाईकच उरलं नाही तर दुकानदार माल कशाला ठेवील? आपल्याकडं वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला गाड्या बनतात, चिकलठाण्यात घरटी एक माणूस गाडीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर काम करतो. एवढं सगळं असूनही आक्कांच्या गाडीला लागणारं बोटभर प्लास्टिक आख्ख्या संभाजीनगरात मिळेना.

शहरातले एक म्हातारे मेकॅनिक गाडी बघायला आले. त्यांचा हात या गाडीवर पक्का बसलेला. महिनाभरात त्यांनी इंजिन सुरू करून दिलं. पण तीन गोष्टी अडल्या. एक, चालकाच्या दाराची काच वर-खाली करायचं हॅंडल तुटलेलं. दोन, गिअरच्या जोडणीतला बुश झिजलेला. या गाडीचा गिअरचा दांडा खाली नसतो, स्टिअरिंगच्या बाजूला असतो. बुश झिजला की पहिला गिअर टाकायला जावं आणि गाडीनं मागं यावं, असा प्रकार. आणि तीन, मागच्या लाइटची लाल काच फुटलेली. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं दर पाच वर्षांनी ती नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीत पास व्हावी लागते. आक्कांच्या लेकांनी मुदत घातली होती, दिवाळीपर्यंत पास झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाला.

आक्कांची नात शहरात मेकॅनिकलचा डिप्लोमा करते. ती म्हणाली, “आजी, हे भाग आपण घरी छापू.” आम्हाला वाटलं, पोरगी कागदावर चित्र छापणार! तिनं मोबाईलवर यंत्र दाखवलं. मेंदीचा कोन असतो ना, तसंच ते. कोनातून मेंदीची बारीक रेघ निघते, तशी या यंत्राच्या तोटीतून वितळलेल्या प्लास्टिकची रेघ निघते. रेघेवर रेघ, थरावर थर, असं करत वस्तू उभी राहते. प्लास्टिकची तार रिळावर गुंडाळलेली येते, आपल्या दोऱ्यासारखी. कोणती रेघ कुठं पडायची ते संगणक सांगतो.

यंत्र २२,००० रुपयांचं होतं. त्या बैठकीत आमचं जे भांडण झालं ते सांगायला नको, पण सांगतो. पाच जणी म्हणाल्या, एवढ्या पैशात पिकोचं मशीन येईल. पिकोचे पैसे रोज मिळतात, या खेळण्याचे कोण देणार? त्यांचं काही चुकत नव्हतं. एकीच्या मुलाची फी भरायची होती आणि तिला गटातून कर्ज हवं होतं. शेवटी आधी तिला कर्ज दिलं, यंत्र दोन महिन्यांनी घेतलं, आणि आक्कांनी स्वतःची पाटली गहाण टाकून निम्मे पैसे घातले. मतं पडली सहा विरुद्ध पाच. त्या पाच जणी आजही गटात आहेत आणि हिशेबाची वही त्यांच्याकडंच ठेवली आहे.

आता मुख्य गोष्ट. छापण्याआधी वस्तू संगणकात न्यावी लागते, त्याला स्कॅन करणं म्हणतात. मोठ्या कंपन्यांकडं त्याची महागडी यंत्रं असतात. आमच्याकडं नातीचा मोबाईल होता. तुटलेलं हॅंडल फेव्हिक्विकनं जोडलं, पाटावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवलं आणि सगळ्या बाजूंनी सत्तरएक फोटो काढले. संगणक ते फोटो एकमेकांशी ताडून बघतो आणि वस्तूचा आकार तयार करतो. वर्तमानपत्र एवढ्यासाठी की त्याच्या अक्षरांवरून संगणकाला कोणता फोटो कुठून काढला ते कळतं. हॅंडलला मुलामा होता, ते चकाकत होतं, आणि चकाकी आली की संगणक गोंधळतो. तेव्हा आमच्यातलीच एक म्हणाली, तोंडाला लावतो ती पावडर लावा. लावली. हॅंडल नवरदेवासारखं पांढरं झालं आणि फोटो जमले. ऊन नको, सावलीतला सारखा उजेड हवा, हेही तेव्हाच कळलं. शेजारी स्टीलची पट्टी ठेवली होती, कारण नुसत्या फोटोवरून वस्तू वीतभर आहे की हातभर हे संगणकाला समजत नाही.

पाच तासांनी हॅंडल छापून निघालं. खरं तर दुसऱ्या खेपेला निघालं. पहिल्या खेपेला चौथ्या तासाला लाइट गेली आणि अर्धवट हॅंडल तसंच थंड झालं. तेव्हापासून आम्ही यंत्राला इन्व्हर्टर लावला आहे. तर हॅंडल दिसायला हुबेहूब! आक्कांनी दाराला बसवलं, फिरवलं, आणि ते नुसतंच गरगर फिरलं. काच जागची हलली नाही.

मेकॅनिकबाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “माप कशाचं घेतलं?” हॅंडलचं, आम्ही म्हणालो. ते म्हणाले, “ते तर झिजलेलं होतं. तुम्ही झीज छापली.”

मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघत राहिलो. कारण ही चूक आम्ही शिवणकामात कधीच करत नाही. गिऱ्हाईक जुनं ब्लाऊज घेऊन येतं आणि म्हणतं, याच मापाचं शिवा. आपण काय करतो? जुनं ब्लाऊज धुऊन धुऊन आटलेलं असतं, बगलेत ताणलेलं असतं, कधीकाळी दोन टिपा उसवून सैल केलेलं असतं. म्हणून आपण ते नुसतं बघतो आणि माप बाईच्या अंगावरून घेतो. इथं मात्र आम्ही जुन्या ब्लाऊजवरून कापड बेतून बसलो होतो. हॅंडल म्हणजे ब्लाऊज. अंग म्हणजे दारातून बाहेर आलेला लोखंडी दांडा, ज्यावर ते हॅंडल बसतं. त्या दांड्याला बारीक दाते आहेत. हॅंडलच्या भोकातले दाते घासून गुळगुळीत झाले होते, दांड्याचे दाते शाबूत होते.

मग दांड्याचं माप घेतलं, तेही फोटोनं नाही. मोबाईलच्या स्कॅनमध्ये अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. हॅंडलच्या बाहेरच्या आकाराला तो चालतो, दात्यांना चालत नाही. म्हणून कॅलिपर आणलं. दोन जबड्यांत वस्तू धरली की आकडा दाखवतं. दाते मोजले, बाहेरचा व्यास घेतला, दात्यांच्या तळाचा घेतला. आमच्यातल्या दोघींनी वेगवेगळं माप घेतलं आणि जुळलं तेव्हाच नातीला सांगितलं. बाहेरच्या आकारासाठी मागच्या डाव्या दाराचं हॅंडल घेतलं, कारण ते सगळ्यात कमी वापरलेलं. तिथं लहानपणी नात बसायची आणि आण्णा तिला काचेला हात लावू द्यायचे नाहीत. आता ते नातीच्याच उपयोगी पडलं.

आणखी एक गोष्ट मेकॅनिकबाबांनी विचारली ती आम्ही कधी विसरणार नाही. “हॅंडल तुटलं कशानं?” आम्ही म्हणालो, जुनं झालं म्हणून. त्यांनी दाराचा पत्रा उघडला. आत काचेच्या खाचेत वर्षानुवर्षांची धूळ आणि वाळून कडक झालेलं ग्रीस. काच अडकत होती, म्हणून माणूस जोर लावत होता, म्हणून हॅंडल तुटलं. खाच साफ करून नवं ग्रीस लावल्यावर काच दोन बोटांनी सरकायला लागली. खाच तशीच ठेवली असती तर आमचं छापलेलं हॅंडल आठवडाभरही टिकलं नसतं.

दुसरं हॅंडल बसलं, काच वर गेली, आम्ही पेढे वाटले. हे एप्रिलच्या सुरुवातीला. मे महिन्यात एके दिवशी गाडी काचा लावून उन्हात उभी होती. संध्याकाळी बघतो तर हॅंडल भाकरीच्या कडेसारखं खाली वाकलेलं. आम्ही वापरलेल्या तारेला पीएलए म्हणतात. मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून ती बनते, छापायला सगळ्यात सोपी, पण ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. बाहेर ४१-४२ अंश असले की बंद गाडीच्या आत ६० अंश व्हायला वेळ लागत नाही. आमच्या वहीवाल्या मैत्रिणींनी त्या दिवशी तारेचे ९०० रुपये खर्चात मांडले आणि पुढं लिहिलं, “उन्हात गेले.”

तिसरं हॅंडल एबीएस नावाच्या प्लास्टिकचं केलं. ते १०० अंशांपर्यंत दम धरतं. पण ते छापायला हट्टी. छापताना वाऱ्याची झुळूक लागली तरी थंड होताना आकसतं आणि कडा वर उचलल्या जातात. पंखा बंद ठेवावा लागतो, यंत्रावर झाकण लागतं. वासही येतो, म्हणून यंत्र मागच्या खोलीत ठेवलं आहे आणि तिथं लेकराबाळांना झोपवत नाही. आकसण्याचा विचार करून माप किंचित वाढवावं लागतं. हे मात्र आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. सुती कापड आटतं म्हणून आपण भिजवून मगच कापतो, त्यातलाच हा प्रकार. या हॅंडलनं एक आख्खा उन्हाळा काढला आहे.

उरल्या दोन गोष्टी. गिअरचा बुश आम्ही छापायला निघालो होतो. चिकलठाण्यातल्या एका टर्नरदादांना दाखवला तर ते म्हणाले, साधी कडी आहे, नायलॉनच्या दांड्यातून लेथवर अर्ध्या तासात काढून देतो. १५० रुपये घेतले. छापलेली वस्तू थरांची असते, खारीसारखी. थराच्या आडव्या दिशेनं जोर बसला की तिथून सुटते. लेथवरची कडी एकसंध असते. यंत्र घरात आहे म्हणून प्रत्येक वस्तू त्यातूनच काढायची हा नाद वाईट. लाल काचेचं तर आम्ही छापून बघितलं आणि सोडून दिलं. ती धुरकट निघाली, उजेड धड बाहेर येईना, आणि मागच्या गाडीवाल्याला आपला ब्रेक लागलेला दिसलाच नाही तर काय उपयोग? शेवटी आक्कांच्या भाच्यानं कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुन्या टॅक्सीच्या दोन काचा ६०० रुपयांत आणल्या. जिथं गाडी जन्मली त्याच गावातून.

आपल्यालाच ही अडचण येते असं समजू नका. अमेरिकेत जे लेनो नावाचे प्रसिद्ध विनोदी कलाकार आहेत, त्यांना जुन्या गाड्यांचा भारी शौक. त्यांच्याकडं १९०७ सालची वाफेवर चालणारी गाडी आहे. तिचा एक भाग पार सडला होता. तो त्यांनी २००९ च्या सुमारास स्कॅन केला, प्लास्टिकमध्ये छापला, त्यावरून साचा करून धातूत ओतून घेतला. जर्मनीच्या पोर्शे कंपनीनं तर २०१८ साली आपल्याच ९५९ नावाच्या गाडीच्या क्लचचा भाग धातूच्या भुकटीतून छापला, कारण त्या गाड्या बनल्याच होत्या २९२. एवढ्यासाठी कारखान्यात नवा साचा करणं कुणालाच परवडत नाही. छापण्याचा खरा फायदा तिथंच आहे. हजार वस्तू हव्या असतील तर साचा स्वस्त पडतो, एकच हवी असेल तर छापणं.

गावात बातमी पसरल्यावर लोक वस्तू घेऊन यायला लागले. मिक्सरची गोल मूठ, कुणाच्या चेतक स्कूटरच्या डिकीची कडी, आमच्याच शिलाई मशीनचं दोऱ्याचं चाक. आणि एक दिवस एक तरुण जुन्या जीपच्या ब्रेकच्या जोडणीतला भाग घेऊन आला. १,५०० रुपये देतो म्हणाला. त्या महिन्यात गणवेशाचं बिल अडकलं होतं, १,५०० म्हणजे आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती. पुन्हा आमच्यात वाद झाला. या वेळी यंत्राच्या बाजूच्या दोघीच म्हणत होत्या, करून देऊ, जाड छापू. विरोधातल्या पाच जणींपैकी एक म्हणाली, “त्या जीपमध्ये शाळेची पोरं बसतात. आपण शिवलेले गणवेश घालून बसतात.” भाग परत केला. तो तरुण चिडला, गावभर बोलला की बायकांना काही येत नाही. बोलू दे. ब्रेक, स्टिअरिंग, चाकं, पेट्रोलची नळी, यातलं काही आम्ही छापत नाही, आणि घरगुती यंत्र असणाऱ्या कुणीच छापू नये. कंपनीचं नाव असलेली चिन्हंही आम्ही छापून विकत नाही, खरी म्हणून तर मुळीच नाही.

हिशेब विचाराल तर यंत्र, तारेची रिळं, इन्व्हर्टरची जोडणी धरून साडेअठ्ठावीस हजार गेले. वर्षात १३,४०० परत आले. आक्कांची पाटली अजून सोडवायची आहे. त्या म्हणतात, घाई नाही. आम्हाला आहे.

ज्यांच्या मुलींना यात गोडी असेल त्यांच्यासाठी सांगतो. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आणि सिपेट या दोन संस्था आहेत. साचे बनवणं, यंत्रावरचं काम, प्लास्टिकचं काम यांचे अभ्यासक्रम तिथं चालतात. एकदा जाऊन विचारून या. मुलीला सोबत घेऊन जा, नुसतं वडिलांना पाठवू नका.

गाडी दिवाळीच्या आठ दिवस आधी तपासणीला गेली. साहेबांनी लाइट बघितले, ब्रेक बघितला, गिअर टाकायला लावला. काचेच्या हॅंडलकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आमच्या नातीला त्याचं फार वाईट वाटलं. गाडी पास झाली. परत येताना आक्का चालकाच्या शेजारी बसायला तयार नव्हत्या. त्या मागं डाव्या बाजूला बसल्या आणि बिडकीन येईपर्यंत काच वर-खाली करत होत्या.

दर शनिवारी दुपारी आम्ही मापं घेतो. येताना तुटलेली वस्तू आणा, तुकडे हरवले असतील तर तशीच आणा. पण ती जिथं बसते तो भागही आणा. आणता येण्यासारखा नसेल तर निरोप द्या, आमच्यातल्या दोघी कॅलिपर घेऊन तुमच्या दारात येतील. नमस्कार.